हे लगीन कुणाचं? – डिजिटल संग्रहालयं आणि आदिवासींचा वारसा

गोरेगावकरीण

दोन महिने हा विषय डोक्यात आहे, आज लिहून टाकते.

मागच्या वर्षी दक्षिण मुंबईतल्या एका संस्थेत जुन्या छायाचित्रांची नोंद करायला मी दर शनिवारी जात होते. पैशाचं काम नव्हतं, आवडीनं घेतलेलं. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर पन्नासेक वर्षांपूर्वी काढलेले कृष्णधवल फोटो स्कॅन करून संकेतस्थळावर चढवायचे होते. स्कॅनिंग दुसरे लोक करत, माझ्याकडे एक्सेलची शीट असे. शीर्षक, ठिकाण, अंदाजे साल, जमात, छायाचित्रकार, चित्रातील व्यक्ती, शोधशब्द. छायाचित्रकाराचं नाव नेहमी पूर्ण मिळायचं, आडनावासकट. ‘चित्रातील व्यक्ती’ या रकान्यात मी दिवसभर एकच शब्द भरत होते: अज्ञात. कधी ‘वारली स्त्री, अज्ञात’, कधी ‘मुले, अज्ञात’.

त्यातला एक फोटो मला फार आवडला होता. कुडाच्या घराची आतली भिंत, शेणाने सारवलेली, त्यावर तांदळाच्या पिठाने अर्धा झालेला लग्नचौक, म्हणजे वारली घरात लग्नाच्या वेळी भिंतीवर काढतात तो चौकोन. खाली डाव्या कोपऱ्यात एका बाईचा हात, हातात काडी, मनगटावर बांगड्या. चेहरा चौकटीबाहेर. मी शीर्षक दिलं ‘वारली भित्तिचित्र, विवाहप्रसंग’ आणि पुढच्या फोटोकडे गेले.

मुंबईतल्याच आरेच्या जंगलातल्या एका पाड्यावर माझी मैत्रीण रविवारी मुलांचा अभ्यास घेते. संकेतस्थळ सुरू झाल्यावर मी तिच्याबरोबर गेले आणि मोठ्या कौतुकाने मोबाइलवर ते पान उघडून ओट्यावर बसलेल्या बायकांना दाखवलं. एका आजींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, “लगीन कुणाचं?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. चौक उगाच कुणी भिंतीवर काढत नाही. घरात लग्न असतं तेव्हाच. मग यात नवरी कोण, नवरा कोण, कुठल्या पाड्यावरचा मांडव, गायला धवलेरी, म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणारी बाई, कोण होती? माझ्या शीटमध्ये यातल्या एकाही गोष्टीला रकाना नव्हता. छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याची माहिती होती.

पुढे सरकवताना एका देवस्थानाचा फोटो आला. रात्रीचा, भगत बसलेला, समोर मांडणी. आजींनी काही न बोलता तळहात पडद्यावर ठेवला आणि मोबाइल माझ्याकडे परत दिला. थोड्या वेळाने म्हणाल्या, हे असं सगळ्यांनी बघायचं नसतं.

मी संस्थेला दोन्ही गोष्टी कळवल्या. उत्तर आलं की छायाचित्रं संस्थेच्या मालकीची आहेत, वारसा सर्वांचा असतो आणि ज्ञानाला कुलूप लावणं संस्थेच्या धोरणात बसत नाही. वाक्य कानाला चांगलं लागतं. पण तो तळहात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तो फोटो मीच चढवला होता.

तुम्हाला काय वाटतं? कुणी अशा कामात असेल तर जरूर लिहा.

काळाघोडा

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. २ सप्टेंबर २०१८ला रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. तिथे ब्राझीलमधल्या आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणं आणि टिपणं होती, त्यांतल्या काही भाषा बोलणारं आता कुणीच राहिलेलं नाही. ज्याची प्रत आधी बाहेर गेली होती तेवढंच वाचलं. आपल्याकडे तर कुडाच्या घरांच्या जागी स्लॅबची घरं येताहेत. ती भिंतच राहिली नाही तर चौक कुठे राहणार? फोटो काढला गेला, जपला गेला, सगळ्यांना दिसतो, यात मला तरी उपकारच दिसतो. प्रत्येक फोटोसाठी परवानगी मागत बसलो तर कपाटात वाळवी लागेल आणि मग कुणालाच काही दिसणार नाही.

तारपेवाला

मी वारली. डहाणू तालुक्यातला, नोकरीमुळे बारा वर्षं बोरिवलीला.

काळाघोडा, भिंत राहिली नाही तर चौक कुठे राहणार, असं तुम्ही विचारलंत. आमच्याकडे भिंत कधीच राहायची नसते. लग्न झालं की चौकाचं काम झालं. पुढच्या सारवणात तो जातो, पुढच्या लग्नात नवा येतो. टिकतं ते लिहिणाऱ्या बाईच्या हातात आणि गाणाऱ्या धवलेरीच्या तोंडात. आणि हो, आम्ही चौक ‘काढत’ नाही, ‘लिहितो’. गोरेगावकरीण, तुमच्या शीटमध्ये ‘भित्तिचित्र’ असं आलंय, तिथूनच वाट चुकली. चौकात मधे पालघट देवी बसते. तिला बोलावून बसवायचं असतं, ती शोभेला नसते. सवाशिणी लिहितात, गाणं चालू असतं, त्यातून ती येते. तुमच्या फोटोत गाणं नाही. म्हणून आजीने विचारलं.

आणखी एक. हा चौक पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी लिहिला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी आमच्या भागात आले, कागद आणि रंग आले, आणि पुरुषही चित्रं करू लागले. गंजाडचे जिव्या सोमा मशे फार मोठे कलाकार, २०११ला पद्मश्री मिळाली, २०१८ला गेले. त्यांचा मला अभिमान आहे, त्यांनी आमचं नाव जगात नेलं. पण कुठल्याही संकेतस्थळावर ‘वारली कलाकार’ शोधा, आधी पुरुषांची नावं येतात. ज्यांच्या हातून हे आलं त्या बायका तुमच्या फोटोतल्यासारख्या. नुसता हात.

देवाच्या मांडणीबद्दल आजी बरोबर बोलली. त्यापेक्षा जास्त मी इथे लिहिणार नाही.

नोंदवही

मी संग्रहालयांच्या नोंदणीच्या कामात गेली काही वर्षं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आपल्याकडे ‘डिजिटल संग्रहालय’ म्हणजे बहुतेक वेळा वस्तूंची खुली यादी. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने केलेली ‘जतन’ ही संगणकप्रणाली अनेक सरकारी संग्रहालयं वापरतात आणि तिने प्रचंड काम सोपं केलं. पण कुठल्याही प्रणालीतले रकाने वस्तू केंद्रस्थानी ठेवून केलेले असतात: माप, माध्यम, काळ, प्राप्तीचा मार्ग. जन्माला आली तेव्हा वस्तू कुणाची होती, कुठल्या प्रसंगाची होती, ती कुणी बघायची, हे ‘इतर माहिती’त जातं आणि ‘इतर माहिती’ कुणी भरत नाही.

उलट बाजूने बांधलेली एक प्रणाली आहे, मुकुर्तू. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी टेनंट क्रीक इथल्या वारुमुंगू लोकांबरोबर बसून ती तयार झाली. त्यांच्या भाषेत मुकुर्तू म्हणजे मौल्यवान, पवित्र गोष्टी जपून ठेवायची झोळी. झोळी ज्यांच्याकडे असते ते ठरवतात कुणाला काय काढून द्यायचं. संगणकात तेच केलं: अमुक फोटो फक्त बायकांनी बघावा, अमुक फक्त त्या कुळातल्यांनी, गेलेल्या माणसाचा फोटो असेल तर आधी सूचना यावी. फोटो सुरक्षित राहतो, प्रतही राहते, पण दार कुणासाठी उघडायचं हे घरचे ठरवतात. काळाघोडा, जपणं आणि सगळ्यांना दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. रिओत जे गेलं ते प्रत नसल्यामुळे गेलं. ती प्रत सगळ्या जगाला खुली असायला हवी होती असं त्यावरून ठरत नाही.

दुसरं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १८९०मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वाडी लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन केलेलं हे बहुधा जगातलं पहिलंच ध्वनिमुद्रण. ती नळकांडी शेवटी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली. जवळजवळ सव्वाशे वर्षांनी ते आवाज स्वच्छ करून त्या लोकांना परत दिले, त्यांच्यातल्या जाणत्यांनी ऐकले, नावं दिली, अर्थ सांगितले. आज ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या नोंदींना पासामाक्वाडी भाषेतली शीर्षकं आहेत आणि काही गाण्यांवर त्यांचीच खूणचिठ्ठी: हे कुणाचं आहे, ते कसं वापरावं. काही गाणी ऐकल्यावर त्यांनी ठरवलं की ही बाहेर द्यायची नाहीत. ग्रंथालयाने ते मानलं.

म्हणजे ‘अज्ञात’ हा शब्द कायमचा नसतो. विचारायला कुणी गेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुलुंडचा वकील

कायद्याचं थोडक्यात. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात फोटोचा हक्क काढणाऱ्याचा किंवा त्याने दिला असेल त्याचा. फोटोत कोण आहे, त्याने काही फरक पडत नाही. म्हणजे संस्थेने दिलेलं उत्तर कायद्याला धरून आहे. वारली चित्रकलेला २०१४ला भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण तो बाजारात ‘वारली’ हे नाव कोण वापरतो यासाठी. देवाचा फोटो संकेतस्थळावरून काढायला त्याचा उपयोग नाही.

मात्र कायदा तिथे संपतो म्हणून बोलणं संपत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याला भारताने पाठिंब्याचं मत दिलं होतं. त्याच्या ३१व्या कलमात आपल्या सांस्कृतिक वारशावर ताबा ठेवण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय. तो न्यायालयात थेट लागू होत नाही, पण संस्थेचं धोरण लिहिताना समोर ठेवता येतो.

आणि ‘ज्ञानाला कुलूप नको’ म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. हळदीचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ला रद्द करून घेतल्यावर आपल्याच सरकारने २००१मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू केलं. आयुर्वेदातल्या, युनानीतल्या औषधांच्या कृती त्यात आहेत. ते वर्षानुवर्षं फक्त पेटंट कार्यालयांना, तेही कराराने, बघायला दिलं. दुरुपयोग होऊ नये म्हणून. म्हणजे गरज पडली तेव्हा देशाने स्वतःच्या ज्ञानाला दार लावलं आणि कुणी त्याला संकुचितपणा म्हटलं नाही. देशाला हा हक्क असेल तर पाड्याला का नसावा?

सोनचाफा

शोधशब्दांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. मी भटक्या-विमुक्तांवर अभ्यास करते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर शिक्का मारला, त्यांचे त्या काळातले फोटो आणि वर्णनं आज स्कॅन होऊन सगळीकडे आहेत. कायदा १९५२ला रद्द झाला. पण जुन्या मथळ्यात जे शब्द होते ते नोंद करताना जसेच्या तसे शोधशब्दात आले. आज एखादी पारधी मुलगी आपल्या आजोबांच्या काळाबद्दल शोधायला बसली तर तिला आधी तोच शिक्का दिसतो, आणि तोही संग्रहालयाच्या नावाखाली. छापील पुस्तकात तो शब्द एका पानावर होता. शोधयंत्रात तो दरवाज्यावर लावलेल्या पाटीसारखा झालाय.

जुने शब्द पुसावेत असं मी म्हणत नाही. मूळ मथळा मूळ म्हणून दाखवा, तारखेसह. पण आजच्या नोंदीचं शीर्षक आजचं हवं, आणि ते त्या लोकांना विचारून.

काळाघोडा

नोंदवही आणि वकीलसाहेब, तुमचे प्रतिसाद दोनदा वाचले. जपणं आणि दाखवणं वेगळं, हे मान्य. मी दोन्ही एकच धरून चाललो होतो.

पण एक अडचण खरीच आहे आणि ती बोलायला हवी. विचारायचं कुणाला? आरेतल्या एका आजींनी नको म्हटलं. उद्या तलासरीतला एखादा तरुण म्हणेल की दाखवा, आमच्या मुलांना कळू दे. भगत एक म्हणेल, शिकलेली मुलं दुसरं म्हणतील. ‘समाज’ म्हणजे नक्की कोण? संस्थेने कुणाचा शब्द धरायचा?

तारपेवाला

प्रश्न बरोबर आहे, आमच्यातही त्यावर भांडणं होतात. मला स्वतःला चौकाचे फोटो दिसावेत असं वाटतं, माझ्या मुलीने तो घरी कधी पाहिलेला नाही. माझी आई म्हणेल, मुलीला लग्नात ने, मोबाइल कशाला? एकमत होणार नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. तुमच्या घरात तरी कुठे होतं? पण ते भांडण आमच्यात होऊ द्या. आता ते होतच नाही, कारण फोटो कुठे आहेत हेच आम्हाला ठाऊक नाही. मला या धाग्यावर कळलं.

फोटोत गाव लिहिलेलं असेल तर त्या गावात जा. गाव नसेल तर तालुका. तेवढं तरी करता येतं.

आता मनातलं सांगतो. गोरेगावकरीणने ‘लगीन कुणाचं’ हे लिहिलं तेव्हा मला माझे पणजोबा आठवले. ते लग्नगडी होते. या शब्दाचा अर्थ इथल्या सगळ्यांना माहीत असेल असं वाटत नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्या शेतावर राबायचं. ते कधी फिटायचे नाहीत. मग मुलगाही लग्नगडी. १९४५च्या मे महिन्यात झरीला सभा झाली, किसान सभेचे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर होते, लोकांनी वेठ आणि लग्नगडी बंद करायचं ठरवलं आणि केलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्यात गेलेल्या जेठ्या गांगडचं नाव आमच्या भागात अजून घेतात.

वारली म्हणून जेवढी डिजिटल दालनं मी पाहिली त्यांत त्रिकोणाची माणसं आहेत, तारपा हे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य आहे, गोल नाच आहे. लग्नगडी हा शब्द मला एकाही ठिकाणी दिसला नाही. जे दाखवायचं नसतं ते दाखवतात आणि जे जगाला ओरडून सांगायला हवं ते गाळतात. चौकातलं लग्न कर्ज सुटल्यानंतरचं आहे, हे आमच्यासाठी त्या फोटोतलं सगळ्यात मोठं आहे.

सोनचाफा

तारपेवाला, हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. हे कुणीतरी नोंदवायलाच हवं, तुमच्या नावाने.

छत्तीसगडमध्ये नवा रायपूरला १ नोव्हेंबर २०२५ला आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचं डिजिटल संग्रहालय सुरू झालं, शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचं. पडदे, आवाज, चित्रफिती, सगळं लढ्यांबद्दल. प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय मत देणार नाही, पण लढा हा विषय धरला याचं मला समाधान आहे. मुंबईपासून तलवाडा किती लांब? त्या लढ्याला या शहरात एक भिंत तरी हवी.

नोंदवही

‘ओरडून सांगायला हवं ते गाळतात’ याला माझ्या कामाच्या बाजूने दुजोरा. फोटोच्या मागे पेन्सिलीने बरंच काही लिहिलेलं असतं. स्कॅन करताना पुढची बाजू करतात, मागची करत नाहीत, कारण त्यासाठी वेळ दुप्पट लागतो. गोरेगावकरीण, मूळ छापे अजून तिथे असतील तर मागची बाजू बघाच. गाव, तारीख, कधी घराचं नाव तिथे सापडतं.

आणि संस्थेला ‘फोटो काढून टाका’ असं सांगू नका, तिथे माणसं लगेच घट्ट होतात. ‘विचारणा पूर्ण होईपर्यंत नोंद ठेवा, चित्र झाका’ असं सुचवा. पडद्यावर नोंद दिसेल, फोटोच्या जागी दोन ओळी दिसतील. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२०मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून उचलले तेव्हा रिकाम्या कपाटाबरोबर कारणही लिहिलं. त्यांच्याकडे ईशान्य भारतातल्या नागा जमातींच्या वस्तूंचा फार मोठा साठा आहे, पूर्वजांच्या कवट्यांसकट, आणि त्या घरी नेण्याबद्दल नागा लोकच आता बोलणी करताहेत.

गोरेगावकरीण

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद छापून बॅगेत ठेवले होते.

नोंदवहींचं ऐकून संस्थेत गेले आणि मूळ छापे मागितले. नोंदणीच्या टेबलावरच्या ताईंनी काढून दिले. चौकाच्या फोटोमागे पेन्सिलीने गावाचं नाव आहे, पाड्याचंही, आणि पुढे ‘बुधवार, दुसरा दिवस’. गाव डहाणू तालुक्यातलं आहे. तारपेवाला, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय.

देवस्थानाचा फोटो सध्या झाकलाय. कायमचं धोरण नाही, सहा महिन्यांपुरतं, असं लेखी दिलंय. नवा रकाना करायला नकार मिळाला, प्रणाली बदलता येत नाही म्हणून. मग ‘इतर माहिती’त मी लिहून आले: ‘लग्न कुणाचे – विचारणा सुरू. चौक लिहिणारी – विचारणा सुरू. धवलेरी – विचारणा सुरू.’ आणि ‘अज्ञात’ काढून टाकलं. ताईंनी बाकीच्या फोटोंच्या मागच्या बाजूही स्कॅन करायला घेतल्यात, रोज दहा.

आरेच्या आजींकडे पुन्हा गेले होते. फोटो झाकल्याचं सांगितलं, त्यांनी मान हलवली. मग स्वतःच्या लग्नाचा चौक कुणी लिहिला होता ते सांगायला लागल्या, पाच बायकांची नावं, त्यांतल्या दोघी आरेतल्याच. मी वहीत लिहून घेतली. संकेतस्थळावर टाकू का, असं विचारलं तर म्हणाल्या, आधी त्यांच्या लेकींना विचार.

तारपेवाला

निरोप मिळाला. गाव माझ्या मावशीच्या गावापासून जवळच आहे. भात कापून झालं की लोक घरी सापडतील, तेव्हा मी जातो. मोबाइलवर दाखवण्यात अर्थ नाही, म्हाताऱ्यांना दिसत नाही आणि फोटो त्यांच्याकडे राहत नाही. कागदावर छापून द्या, दोन-दोन प्रती. एक तिथेच ठेवून येईन.

गोरेगावकरीण

देते. केवढ्या आकाराचे करू?

तारपेवाला

वहीच्या पानाएवढे पुरे. मागे नंबर टाका, पण पेन्सिलीने. आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडा.